गलबतातून गेलेला संघ

युडोरा हिपोलितला बाप्तिस्म्याच्या वेळी ज्यानं हातांवर धरलं, तोच माणूस पुढं आमच्या बेटाच्या फुटबॉल संघटनेचा अध्यक्ष झाला. थिओड्यूल प्रॉस्पेर त्याचं नाव. सगळं सेंट ऑरेल त्याला पापा थिओ म्हणायचं. युडोरा तेवढी ‘पारें’ म्हणायची. आमच्याकडे धर्मबापाला पारें म्हणतात आणि हे नातं रक्ताच्या नात्याहून जड मानतात. युडोराचा खरा बाप मासेमारीला गेला तो परतलाच नाही, त्यामुळं तिच्या बाबतीत ते आणखीनच जड झालं. तिचे पहिले बूट पारेंनी मियामीहून आणले. पायाला मोठे होते. पुढं कापूस कोंबून ती ते घालायची आणि आमच्या गावच्या, पेतितान्सच्या वाळूवर आम्हा सगळ्यांना नाचवायची.

मी मार्सेलीन. संघात मी उजव्या बाजूला बचावाला असायचे. माझं काम एवढंच, की चेंडू अडवायचा आणि युडोराकडे द्यायचा. त्याच्यापुढचं तिचं ती बघून घ्यायची.

मी सांगतेय त्या वर्षी केळ्यांचा बाजार बसला होता. इंग्लंडची बोट यायची बंद झाली होती. घड बागेतच पिकून गळायचे आणि अख्ख्या बेटाला एक गोडसर, आंबूस वास यायचा. माणसं दुपारभर ओट्यांवर बसून राहायची, कुणाला काही काम नव्हतं. अशा त्या वर्षात आम्ही मुली जिंकत सुटलो. का, ते आमचं आम्हालाही कळलं नाही. एकेका बेटाचा संघ यायचा, आमच्या मैदानावरची धूळ खायचा आणि हरून जायचा. मैदानाभोवती माणसं गोळा व्हायला लागली. बाजार बसला होता खरा, पण रविवारी दुपारी ते कुणाच्या लक्षात राहत नसे.

शेवटी एकच सामना उरला, सेंट बार्नाबीशी, त्यांच्या बेटावर. जिंकणारा संघ मेक्सिकोला मोठ्या स्पर्धेला जाणार होता. मेक्सिको हा शब्द त्या दिवसांत आम्ही तोंडात खडीसाखरेसारखा घोळवत होतो. आमच्या प्रशिक्षक म्हणजे हायसिंथबाई. त्या शाळेत भूगोल शिकवायच्या, शिट्टी कायम गळ्यात. सराव संपला की नकाशा वाळूवर पसरायच्या, चारी कोपऱ्यांवर आमचे बूट ठेवायच्या आणि म्हणायच्या, “हे बघा. हे आपण. दिसत नाही ना? ठिपका देण्याइतकीही शाई त्यांनी खर्च केलेली नाही.”

सामन्याच्या आठवड्यात पापा थिओ मैदानावर आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, अंगाला लवंगेच्या अत्तराचा वास.

“पोरींनो, विमानात जागा नाही,” तो म्हणाला. “सणाची गर्दी आहे. पण मी सोय केलीय. नेस्टरचं गलबत.”

“नेस्टरचं?” हायसिंथबाई म्हणाल्या. “त्याचं इंजिन माझ्या आजोबांपेक्षा जास्त खोकतं.”

“बाई, आपले पूर्वज दर्यावरूनच आले.”

“स्वखुशीनं नव्हते आले, मिस्टर प्रॉस्पेर.”

आम्ही हसलो. सगळ्यात जास्त तोच हसला. थट्टा त्याच्या अंगावरून पाण्यासारखी ओघळून जायची. म्हणून तर लोकांना तो आवडायचा. तो स्वतः येणार नव्हता, त्याला कुठल्याशा समितीच्या बैठकीला जायचं होतं. जाताना त्यानं युडोराचं डोकं जवळ घेतलं.

“पारेंच्या नावानं एक गोल.”

“दोन,” युडोरा म्हणाली.

पहाटे आम्ही निघालो. बायकांनी फडक्यांत बांधून भाजलेला नीरफणस, खारी मासळी, तळलेल्या भाकऱ्या दिल्या. गलबतावर आल्याची पोती, अळकुड्या आणि कच्ची केळी आधीच भरलेली होती. उरलेल्या जागेत आम्ही. नेस्टर तांडेल म्हातारा, पुढचा दात सोन्याचा.

“ओकायचं असेल तर कठड्यावरून,” तो म्हणाला. “माझ्या आल्याच्या पोत्यांवर कुणी ओकलं तर तिला पोहत जावं लागेल.”

सूर्य वर आला, आमचं बेट मागं हिरवं, मग निळं, मग नुसतं धुरासारखं झालं आणि मग नाहीसं झालं. थोड्या वेळानं इंजिन खोकलं, दम खाल्ला, पुन्हा खोकलं आणि गप्प झालं.

इतकी शांतता मी आयुष्यात आधी ऐकली नव्हती. वारा पडलेला. पाणी तेलासारखं जड आणि गुळगुळीत. आभाळातले ढग खाली पाण्यातही होते, तसेच, तितकेच पांढरे, आणि आमचं गलबत दोन आभाळांच्या मधोमध कुणीतरी विसरून गेल्यासारखं राहिलं होतं. मधूनच उडत्या माशांचा थवा पाण्यातून निघायचा, ऊन पंखांवर घेऊन पलीकडे जायचा आणि आवाज न करता परत आत शिरायचा. नेस्टर इंजिनात कमरेपर्यंत गेला होता. त्याच्या शिव्या सोडल्या तर जगात कुणी बोलत नव्हतं.

मुली डेकवर डोक्यानं चेंडू खेळायला लागल्या. कुणाचा तरी अंदाज चुकला आणि चेंडू दर्यात पडला. पडला, पण दूर गेलाच नाही. आम्ही जसे वाहत होतो तसाच तोही वाहत होता, वासरू गाईच्या अंगाला लागून चालतं तसा. आम्ही कठड्याला टेकून कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिलो. काढायला हवा हे कुणाच्या मनातच येईना. शेवटी आमची गोलरक्षक ऑक्टेव्ही कपड्यांसकट पाण्यात उतरली आणि तो काखेत मारून वर आली.

“या दर्यात शार्क असतात गं, शहाणे,” नेस्टर म्हणाला.

“आता कळलं, आधी सांगायचं नाही का?” ऑक्टेव्ही केस पिळत म्हणाली.

मी आणि युडोरा आल्याच्या पोत्यांवर उताण्या पडलो होतो. खालून आल्याचा तिखट, ओला वास येत होता.

“मार्स,” ती म्हणाली, “मला हल्ली सारखं गवत दिसतं.”

“मेक्सिकोचं?”

“माहीत नाही. हिरवं आहे. पाय ठेवला की पाऊल आत बुडतं. मी धावते, पण आवाजच येत नाही. समोर कुणी नसतं, मागंही कुणी नसतं. आणि मला अजिबात घाई नसते.”

“म्हणजे तू मेलेली असणार.”

तिनं मला चिमटा काढला, मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपून गेली. माझाही डोळा लागला असावा. कारण नंतरचं बोलणं मला स्वप्नातल्यासारखं आठवतं, पण ते झालं होतं. नेस्टर हात पुसत हायसिंथबाईंना सांगत होता, “मी थिओला म्हटलं होतं, यंदा इंजिनाचं काही खरं नाही. पुढच्या महिन्यात दुरुस्ती आहे. तो म्हणाला, असू दे. सावकाश जा, घाई नाही.”

“घाई नाही असं म्हणाला?”

“असंच म्हणाला.”

बाई बराच वेळ शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत आणि सोडत बसल्या.

ऊन कलल्यावर नेस्टर खाली गेला आणि एक शीड घेऊन वर आला. त्याच्या बापाच्या वेळचं शीड, पिठाच्या पोत्यांची ठिगळं लावलेलं, वर कंपनीची छापील अक्षरं अजून दिसत होती. त्याच्या आधारानं तो पूर्वी जायचा म्हणे, इंजिन बसवण्याआधी. आम्ही सगळ्यांनी दोर ओढले. शीड डोलकाठीवर चढलं आणि नुसतंच लोंबत राहिलं. मग केव्हातरी, कुठून कोण जाणे, मानेवर गार फुंकर आली. शीड एकदा फडफडलं, पोट काढून उभं राहिलं, आणि आम्ही चालायला लागलो. कुणी ओरडलं नाही. आवाज केला तर वारा बिथरून निघून जाईल असं वाटत होतं. रात्रभर गलबताच्या पुढच्या टोकाखालचं पाणी कुजबुजत राहिलं, आणि सकाळी समोर सेंट बार्नाबीचे डोंगर होते. सामन्याचाच दिवस होता. आम्ही वेळेत पोचलो होतो.

धक्क्यावर घ्यायला कुणी आलं नव्हतं. आम्ही संघाचे सदरे घालून गावातून चालत निघालो. पायांखालची जमीन अजून हलत होती, त्यामुळं आम्ही सगळ्या थोड्या झिंगल्यासारख्या चालत होतो आणि माणसं दारांत येऊन बघत होती. मैदानाच्या फाटकाला कुलूप. बाजूच्या खोलीत त्यांच्या संघटनेचे चिटणीस बसले होते, पेंबर्टन नावाचे. नरम, गोलसर गृहस्थ. हातात पाव होता. आम्हाला बघून त्यांनी तो हळूच खाली ठेवला.

“तुम्ही आलात?” ते म्हणाले.

“सामना आहे ना आज,” हायसिंथबाई म्हणाल्या.

“सामना... तो तर आम्हाला मिळाला. म्हणजे दिला. पंचांना बोलावलंच नाही आम्ही.”

“कुणी दिला?”

पेंबर्टननी रुमालानं मान पुसली. वाईट माणूस नव्हता, खोटं बोलायची त्याला सवय नव्हती एवढंच. “तुमच्याच अध्यक्षांनी फोन केला होता, मागच्या आठवड्यात. म्हणाले, पोरी निघतील, पण वेळेत पोचणार नाहीत. बोट तशीच आहे.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “मोठ्या लोकांच्या गोष्टी आहेत, बाई. सगळ्या बेटांच्या फुटबॉल समितीची निवडणूक होती. आमच्या साहेबांनी तुमच्या साहेबांना मत दिलं. आम्हाला मेक्सिको मिळालं.”

हायसिंथबाई पायरीवर बसल्या. ऑक्टेव्ही चेंडू छातीशी घट्ट धरून उभी होती. मी युडोराकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपल्या घराचा रस्ता विसरलेल्या माणसासारखा तिचा चेहरा झाला होता.

“निघतील, पण पोचणार नाहीत,” ती स्वतःशीच म्हणाली. मग पेंबर्टनना विचारलं, “तुमची कप्तान कुठं असते?”

“इस्मेन? मासळी बाजारात. का?”

ती चालायलाही लागली होती.

इस्मेन सुरमई कापत होती. आडव्या बांध्याची, कोपरापर्यंत रक्त. तिनं आमच्या सदऱ्यांकडे बघितलं, पण सुरी थांबवली नाही.

“सेंट ऑरेल का गं? आम्हाला तर सांगितलं तुम्ही भ्यालात.”

“आम्हाला सांगितलं विमानात जागा नाही,” युडोरा म्हणाली.

“जागा नाही? काल माझी मावशी त्यातून आली. दोन खुर्च्यांवर आडवी झोपून आली.” आसपासच्या कोळणी हसल्या. इस्मेन हसली नाही. तिनं सुरी बादलीत बुडवली, हात धुतले. “म्हणजे आम्ही तुम्हाला न खेळताच हरवलं.”

“हो.”

“मला कुणी विचारलं नाही.”

“मलाही नाही,” युडोरा म्हणाली. “संध्याकाळी खेळायचं?”

“कशासाठी? आता त्याचं काय होणार?”

“काही नाही. आलोय म्हणून.”

इस्मेननं थोडा विचार केला आणि पलीकडच्या पाटीवालीला म्हणाली, “ए, माझी मासळी घे गं तुझ्यात. आणि डॉनाला सांग, पोराला सासूकडे टाक आणि बूट घेऊन ये.”

खेळलो ते चर्चच्या मागच्या माळावर. गुरं हाकलली, दगडांचे गोलपोस्ट केले. पंच कोण, यावर घोळ झाला. शेवटी इस्मेनच म्हणाली, “तुमची बाई होऊ दे. शाळेत शिकवते ना, खोटं नाही बोलणार.”

त्या सामन्याबद्दल मी पुष्कळदा विचार केला आहे आणि दरवेळी मला तो पाण्यातून बघितल्यासारखा आठवतो. जमीन अजून डोलत होती. ऊन तांबूस, लांब, प्रत्येकीच्या पायाशी एक भली मोठी सावली, आणि त्या सावल्यांचाही एक वेगळाच सामना गवतावर चाललेला. प्रार्थनेला निघालेली माणसं चर्चच्या भिंतीपाशीच थांबली. आतून पेटीचे सूर येत होते, पण ऐकायला कुणी जात नव्हतं. युडोरा अशी खेळली की तिला अडवायला गेलेल्या मुली क्षणभर थांबून बघत राहायच्या. पहिला गोल तिनं केला. दुसराही तिनंच केला, आणि तेव्हा तिनं हात वर केले नाहीत. चेंडू उचलून आणला, मध्ये ठेवला.

इस्मेननं दोन्ही फेडले. बाजारात सुरी चालवायची तशीच ती पाय चालवायची, एकही हालचाल वाया नाही. सूर्य टेकायला आला तेव्हा ऑक्टेव्हीनं पुढं येऊन तिला पाडलं. गोलाच्या तोंडाशी. सगळे हायसिंथबाईंकडे बघायला लागले.

बाईंनी शिट्टी वाजवली आणि दगडांकडे बोट दाखवलं. पेनल्टी, आमच्याविरुद्ध. आमच्याकडे त्यांनी बघितलं नाही.

“बाई,” ऑक्टेव्ही म्हणाली, “चेंडूला लागला होता पाय.”

“पायालाच लागला होता पाय,” बाई म्हणाल्या. “मागं हो.”

इस्मेननं चेंडू मारला, आणि आम्ही हरलो. तीन-दोन.

मी युडोराजवळ गेले तेव्हा ती गवतावर बसून बुटांचे बंद सोडत होती. रडत असेल असं वाटलं होतं. ती हसत होती.

“हरलो गं मार्स.”

“हो.”

“खरंच हरलो आपण.” एखादी वस्तू हातात घेऊन तिचं वजन बघावं तशी ती बोलली.

त्या बायकांनी आम्हाला माशाचा रस्सा आणि हिरवी केळी खायला घातली, इस्मेननं आपला सदरा काढून युडोराला दिला, आणि दुसऱ्या दिवशी, इंजिन कसंबसं डकवून, आम्ही परत निघालो.

धक्क्यावर पापा थिओ उभा होता. मागं रेडिओवाला आणि बरंच गाव. त्यानं लोकांना आधीच सांगून टाकलं होतं: इंजिन बंद पडलं, पोरी दर्यात अडकल्या, सामना हुकला, देवाची मर्जी. युडोरा उतरली तसे त्यानं दोन्ही हात पसरले.

“माझी पोर. दर्यानं दगा दिला.”

“दर्यानं नाही, मिस्टर प्रॉस्पेर,” युडोरा म्हणाली. “आम्ही वेळेत पोचलो. खेळलो. तीन-दोननं हरलो.”

 ती काय म्हणाली ते कळायला लोकांना वेळ लागला, पण कसं म्हणाली ते सगळ्यांच्या लगेच लक्षात आलं. आमच्या गावात धर्मबापाला मिस्टर म्हणणं म्हणजे भर चौकात नातं तोडणं. पापा थिओचे हात तसेच पसरलेले राहिले. मग त्यानं ते खाली घेतले आणि शर्टाची बाही सारखी केली.

संध्याकाळी तो तिच्या घरी आला. मी ओट्यावर तिच्या आईच्या वेण्या घालत होते, त्यामुळं सगळं ऐकलं. त्याला कोकोचा चहा दिला. तो ओट्यावरच कप हातात धरून बसला.

“तुला वाटतं मी तुला विकलं,” तो म्हणाला. “आपण ठिपक्याएवढे आहोत, पोरी. ठिपक्याला कोण विचारतं? मी एक सामना दिला आणि मोठ्या लोकांच्या टेबलाशी आपल्यासाठी खुर्ची मिळवली. आता मैदान येईल. गवत येईल. तुझ्या मागून येणाऱ्या पोरी त्यावर खेळतील.”

“खुर्चीवर कोण बसणार?”

“मी. म्हणजे आपणच की.”

“मग निघा मिस्टर प्रॉस्पेर. खुर्ची ताटकळली असेल.”

तिच्या आईनं कपाळाला हात लावला. पापा थिओचे डोळे भरून आले. ते अश्रू खोटे नव्हते, मी अगदी जवळून बघितले. त्याचं युडोरावर प्रेम होतं, आणि पुन्हा वेळ आली असती तर त्यानं पुन्हा तेच केलं असतं. मला तेव्हा हे दोन्ही एकत्र समजत नव्हतं. आता समजतं, पण बरं वाटत नाही.

महिन्याभरात निर्णय आला. परवानगीशिवाय परदेशी संघाशी खेळल्याबद्दल आम्हा सगळ्यांना देशाच्या संघातून कायमचं बाद केलं होतं. हायसिंथबाईंची शिट्टी काढून घेतली, म्हणजे पद काढून घेतलं. शिट्टी त्यांची स्वतःची होती. पुढच्या वर्षी दुसऱ्या मुली उभ्या केल्या. त्या हरल्या, आणि मग मुलींचा संघच राहिला नाही. मैदान मात्र आलं. पापा थिओच्या मेहुण्याच्या जमिनीवर, डोंगरापलीकडे, उंच कुंपणाचं. पेतितान्सचे नळ कोरडे असायचे तेव्हाही तिथं पाणी फिरायचं. स्वातंत्र्यदिनाला फाटक उघडायचं, भाषणं व्हायची, परत बंद. युडोरा तिथं कधी गेली नाही. ती बेकरीत लागली, लग्न केलं, दोन मुलं झाली, गुडघा दुखायला लागला. मेक्सिकोला सेंट बार्नाबीचा संघ गेला, इस्मेनला न घेता. त्या न खेळलेल्या सामन्यावरून ती साहेबांना फार बोलली होती.

पण पुढच्या वर्षी, केळ्यांच्या काढणीनंतर, नेस्टरच्या गलबतातून इस्मेन आणि तिच्या बायका आमच्या धक्क्यावर उतरल्या. कुणी बोलावलं नव्हतं. “परतफेडीचा सामना राहिलाय ना,” ती म्हणाली. तेव्हापासून एक वर्ष त्या येतात, एक वर्ष आम्ही जातो. कुठल्या संघटनेला त्याचा पत्ता नाही. नेस्टर गेला, त्याचा पुतण्या आता गलबत हाकतो. कोण किती जिंकलं यावर दोन्ही बेटांचे हिशेब जुळत नाहीत आणि दरवर्षी त्यावरून जेवताना भांडण होतं.

पापा थिओ खूप वर्षं त्या खुर्चीवर बसला. मग परदेशात कसली तरी चौकशी झाली, मोठमोठी माणसं पडली, त्यांच्याबरोबर तोही. त्याला कुणी तुरुंगात टाकलं नाही. तो घरी आला, ओट्यावर बसायला लागला, येणाऱ्याजाणाऱ्याला नावानं हाक मारायचा. लोक ओ द्यायचे. मागच्या साली तो झोपेतच गेला. शवपेटीवर झेंडा घातला होता.

आमच्या रीतीप्रमाणं धर्मलेक पेटीमागं पहिल्या रांगेत चालते. त्याच्या मुलीनं युडोराला निरोप पाठवला होता, जागा ठेवली आहे म्हणून. युडोरा आली. काळा झगा घालून, गुडघ्यामुळं सावकाश चालत आली, आणि रांगेत न जाता मागं आमच्यात उभी राहिली. माती टाकायची वेळ आली तेव्हा पुढं जाऊन मूठभर टाकली. 

त्याच दुपारी सेंट बार्नाबीहून गलबत यायचं होतं. दफनभूमीतून आम्ही थेट आमच्या खेळायच्या माळावर गेलो, कारण रेघा मारायच्या राहिल्या होत्या. ऑक्टेव्हीनं चुन्याची बादली आणली. युडोरानं चपला काढल्या, झगा कमरेला खोचला आणि दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं.

“ओढ,” ती म्हणाली. “ताठ धर. गेल्या वर्षी तुझी रेघ वाकडी आली होती.”

“वारा होता.”

“वारा नव्हता, तू बोलत होतीस.”

मी दोरी ताणून धरली. तिकडून ती चुना सोडत, वाकून, सावकाश माझ्याकडे यायला लागली.